गावाजवळचे व्यवसाय शिक्षण : सोलापूर जिल्ह्यातील नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

दहावीचा निकाल लागला की घरोघरी अकरावी सायन्सची चर्चा सुरू होते आणि ज्याला हाताचे काम शिकायचे आहे, त्याचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. प्रस्तुत लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी किंवा एसटीने रोज जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर, सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत, कमी खर्चात जे शिक्षण मिळते, ते कसे निवडावे, प्रवेश कसा घ्यावा आणि पहिले वर्ष कसे निभावावे, याची माहिती येथे क्रमाने दिली आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : या शिक्षणात जागा हुकते ती बहुतेक वेळा गुण कमी पडल्यामुळे नव्हे, तर दाखला वेळेत न मिळाल्यामुळे किंवा पसंतीक्रम दुसऱ्याच्या सांगण्यावरून भरल्यामुळे हुकते. म्हणून या लेखातील सर्वांत मोठा भाग या दोन बाबींना दिला आहे.

पहिली पायरी : कोणती संस्था काय शिकवते, हे ओळखावे

घराजवळच्या अशा शिक्षणासाठी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज असते, म्हणजे स्थानिक, सार्वजनिक पैशावर चालणारे, दोन वर्षांचे स्वतंत्र महाविद्यालय. आपल्याकडे त्या नावाची पहिली संस्था १९९५ मध्ये पुदुच्चेरी विद्यापीठाने काढली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये योजना आणली, तीत वेगळी इमारत वा वेगळे महाविद्यालय अपेक्षित नव्हते. असलेल्या महाविद्यालयातच सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, एक वर्षाची पदविका आणि दोन वर्षांची प्रगत पदविका असे कौशल्याचे अभ्यासक्रम सुरू करायचे होते. याच घडणीतला तीन वर्षांचा बी.व्होक. हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यात पहिल्या वर्षानंतर थांबल्यास पदविका, दुसऱ्यानंतर प्रगत पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी मिळते. या अभ्यासक्रमांचा साठ टक्के भाग कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा असावा, असा आयोगाचा दंडक आहे. सोलापूर जिल्ह्यात अशा अभ्यासक्रमाची चौकशी करताना तो पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या संलग्नता यादीत आहे का, एवढे विद्यापीठाकडून पडताळून घ्यावे. हे विद्यापीठ २००४ मध्ये केवळ या एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले, त्यामुळे पडताळणीसाठी लांब जावे लागत नाही. केगावच्या आवारात एका फेरीत काम होते.

परंतु खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने आपल्याकडे कम्युनिटी कॉलेजचे खरे काम शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, करते. ती राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत चालते, अभ्यासक्रम केंद्राचा असतो आणि प्रमाणपत्र देशभर चालते. सोलापूर शहरातील मोठी संस्था विजापूर रस्त्यावर आहे. तालुक्यांच्या ठिकाणच्या संस्था आकाराने लहान आणि मोजक्या अभ्यासक्रमांच्या असतात. लहान संस्था म्हणजे कमी दर्जाची, असे समजू नये. एका तुकडीत वीसच्या आसपास विद्यार्थी असतात आणि निदेशक, म्हणजे शिकवणारा, प्रत्येकाला नावाने ओळखतो.

ज्यांना नियमित वर्गात बसणे शक्य नाही, म्हणजे ज्यांच्यावर शेतीचा, दुकानाचा किंवा घराचा भार आहे, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ मध्ये स्थापन झाले आणि त्याची अभ्यासकेंद्रे तालुक्यातील महाविद्यालयांत चालतात. मात्र यंत्रावर हात बसवायचा असेल तर दूरशिक्षणाने ते साधत नाही, हे लक्षात ठेवावे.

उरलेल्या संस्था अल्प मुदतीच्या आहेत. जिल्ह्यात मोहोळ आणि खेड येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. केगावजवळ राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातील ज्या घरांत डाळिंबाची बाग आहे आणि तेल्या रोगाने एकदा तरी हातचे पीक गेले आहे, त्यांनी तेथील प्रशिक्षणाकडे गांभीर्याने पाहावे. अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत काही दिवसांपासून साधारण दीड महिन्यापर्यंतचे, निवास आणि भोजनासह मोफत वर्ग चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील ५११ ग्रामपंचायतींत प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रे सुरू झाली. आपल्या गावाजवळ त्यांपैकी एखादे आहे का, हे पंचायत समितीत विचारावे. हे अल्प मुदतीचे वर्ग उपयुक्त आहेत, पण ते आयटीआयची जागा घेऊ शकत नाहीत. भरतीच्या जाहिरातीत मागतात ते प्रमाणपत्र दोन वर्षांच्या किंवा एका वर्षाच्या नियमित प्रशिक्षणाचे असते.

दुसरी पायरी : व्यवसाय निवडावा, आणि तो जिल्ह्यातील काम पाहून निवडावा

आयटीआयच्या भाषेत अभ्यासक्रमाला व्यवसाय किंवा ट्रेड म्हणतात. इलेक्ट्रिशियन, फिटर (यंत्राचे भाग घासून जुळवणारा), टर्नर (धातू फिरवून कापणाऱ्या लेथ यंत्रावर काम करणारा), मशिनिस्ट (धातू कापणारी इतर यंत्रे चालवणारा), वायरमन, मोटर मेकॅनिक हे दोन वर्षांचे आहेत. वेल्डर, कोपा म्हणजे संगणकाचा ट्रेड, ट्रॅक्टर मेकॅनिक, शिवणकामाचा ट्रेड हे एका वर्षाचे आहेत. बहुतेकांना दहावी उत्तीर्ण लागते. वेल्डर आणि वायरमन यांसारख्या थोड्या व्यवसायांना आठवी उत्तीर्णही चालते. किमान वय १४ वर्षे असून कमाल वयाची अट प्रशिक्षणाला नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. लग्नानंतर शिकू पाहणाऱ्या महिलांनी आणि तिशी ओलांडलेल्यांनीही निःसंकोच अर्ज करावा.

कोणता ट्रेड चांगला, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर देता येत नाही, पण सोलापूर जिल्ह्यापुरते काही सांगता येते. येथे साखर कारखान्यांची संख्या राज्यात सर्वांत अधिक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू होते आणि हंगाम संपला की उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत मिल, पंप, बॉयलर, कन्व्हेअर यांची खोलून दुरुस्ती चालते. या काळात फिटर, टर्नर आणि वेल्डर यांना मागणी असते. आहेरवाडी परिसरात एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. कुर्डुवाडीला रेल्वेचा वर्कशॉप आहे आणि मध्य रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातीत सोलापूर गटात त्याचे नाव असते. शेतात विहिरीवरची मोटार, ठिबकचा पंप, सौरपंपाचा कंट्रोलर यांच्यासाठी वायरमन गावातच लागतो. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन या व्यवसायांचे उमेदवार घेतले जातात. शहरात चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग आहेत, आणि त्यांच्या जोडीला शालेय व इतर गणवेशांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. शिवणयंत्र चालवता येणाऱ्या मुलीला चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत, नाहीतर घरी बसूनही काम मिळते.

कोपाविषयी थोडे वेगळे मत नोंदवावेसे वाटते. मुलींचे पालक या ट्रेडकडे मोठ्या संख्येने वळतात, कारण काम सावलीतले आहे. ट्रेड वाईट नाही, पण केवळ प्रमाणपत्रावर त्यातून नोकरी लागणे कठीण आहे. त्याच्या जोडीला राज्य परीक्षा परिषदेची मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण केली, तरच कार्यालयीन भरतीत आणि सेवा केंद्राच्या कामात त्याचा उपयोग होतो. याउलट इलेक्ट्रिशियन किंवा मशिनिस्ट घेतलेल्या मुली तालुक्यात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या असतात, आणि ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असल्याने त्यांना चांगल्या संस्थेत तुलनेने कमी गुणांवरही प्रवेश मिळू शकतो.

तिसरी पायरी : अर्जाच्या आधी संस्था डोळ्यांनी पाहावी

मे महिन्यात, निकालापूर्वीच, आपल्या आवाक्यातील दोन किंवा तीन संस्थांना भेट द्यावी. कार्यालयात जाऊन नुसते माहितीपत्रक घेऊन परतू नये. ज्या ट्रेडचा विचार आहे त्याची कार्यशाळा दाखवण्याची विनंती करावी. प्राचार्य सहसा नाही म्हणत नाहीत. पाहायचे ते असे : फिटरच्या कार्यशाळेत टेबलांवर जेवढे व्हाइस, म्हणजे तुकडा पकडून ठेवणारे शिकंजे, बसवले आहेत तेवढे विद्यार्थ्यांना पुरतात का, त्यांचे जबडे झिजून गुळगुळीत झालेले आहेत की पकड धरतात; लेथ किती आहेत आणि त्यांपैकी किती चालू आहेत; वेल्डिंगच्या कक्षात धूर ओढून घेणारा पंखा आणि प्रत्येकासाठी काचेचे शील्ड आहे का; संगणक कक्षात वीज गेल्यावर काय होते. मशीनवर प्लॅस्टिकचे आवरण जसेच्या तसे असेल आणि त्यावर धूळ साचलेली असेल, तर ते यंत्र विद्यार्थ्यांच्या हाताला लागत नाही, हे उघड आहे. बाकावर कानशीने घासलेल्या लोखंडाचा कीस पडलेला दिसला, तर तेथे काम चालते.

त्याच वेळी निदेशकाचे पद भरलेले आहे का, हेही विचारावे. यंत्र नवे पण शिकवणारा दुसऱ्याच ट्रेडचा, अशी अवस्था काही ठिकाणी असते. मागच्या तुकडीतली दोन-तीन मुले आवारात भेटली तर त्यांच्याशी बोलावे. त्यांच्याकडून मिळणारी माहिती कोणत्याही पत्रकात छापलेली नसते.

खाजगी संस्थेचा विचार असेल तर मान्यता तपासणे ही सक्तीची बाब समजावी. मान्यता संस्थेला सरसकट नसते. ती ट्रेडनिहाय आणि तुकडीनिहाय असते. संस्थेला इलेक्ट्रिशियनची मान्यता आहे म्हणून तिच्या फलकावर लिहिलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला ती असतेच असे नाही. केंद्राच्या स्किल इंडिया डिजिटल संकेतस्थळावर जिल्हा आणि संस्था निवडली की मान्य ट्रेड आणि तुकड्या दिसतात. तेथे दिसत नसेल तर, कोणी कितीही खात्री दिली तरी, पैसे भरू नयेत.

चौथी पायरी : कागदपत्रे

हा भाग सावकाश वाचावा आणि त्यातील कामे जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करावीत. निकालानंतर आपले सरकार सेवा केंद्रांवर सगळ्या जिल्ह्याची एकदमच गर्दी होते, सर्व्हर मंदावतो आणि तहसील कार्यालयात अर्जांचे गठ्ठे साचतात. त्यात जून-जुलैमध्ये आषाढी वारी असते. पंढरपूर, सांगोला, माळशिरस या बाजूला त्या पंधरवड्यात रस्ते वळवलेले असतात, एसटीच्या गाड्या यात्रेला लावलेल्या असतात आणि महसूल विभागाचे कर्मचारी यात्रेच्या बंदोबस्तात अडकलेले असतात. प्रवेशाची तारीख मात्र राज्यभर एकच असते आणि ती वारीसाठी थांबत नाही.

सर्वांना लागणारी कागदपत्रे म्हणजे दहावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि वय व अधिवास प्रमाणपत्र. यांपैकी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव, आधारवरील नाव आणि गुणपत्रकावरील नाव एकमेकांशी अक्षराअक्षराने जुळते का, हे आजच तपासावे. वडिलांचे नाव एके ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने, किंवा आडनावात ‘कर’ आणि ‘करी’ असा फरक, एवढ्यावरूनही पुढे शिष्यवृत्ती अडते. गुणपत्रकातील दुरुस्ती शाळेमार्फत मंडळाकडून करावी लागते व तिला वेळ लागतो, म्हणून शक्य तेथे आधार गुणपत्रकाप्रमाणे करून घेणे सोपे जाते.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जातीचा दाखला लागतो. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांना त्यासोबत उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन क्रीमी लेयर, प्रमाणपत्रही लागते. या प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असते आणि ती ३१ मार्चला संपते. मोठ्या भावाच्या वेळी काढलेले प्रमाणपत्र घरात आहे म्हणून निश्चिंत राहिलेले पालक दरवर्षी प्रवेशाच्या खिडकीवर भेटतात. त्यावर नाव भावाचे असते आणि मुदतही उलटलेली असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या प्रमाणपत्रालाही आर्थिक वर्षाचे बंधन आहे.

जात वैधता प्रमाणपत्र आयटीआयच्या प्रवेशाला कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. तथापि पुढे तंत्रनिकेतनात जायचे असेल किंवा राखीव जागेवर सरकारी नोकरी हवी असेल तर ते लागतेच, आणि ते मिळण्यास महिने जातात. त्यासाठी वडील, आजोबा किंवा चुलत नातेवाईक यांच्या जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. पूर्वीच्या पिढ्या शाळेत गेल्याच नसतील तर महसुली अभिलेख, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचा कोतवाल बुकातील उतारा, जुने खरेदीखत असे पर्याय पाहावे लागतात.

सोलापूर जिल्ह्यात यात दोन अडचणी विशेष आहेत. पहिली अशी की अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात जुन्या नोंदी काही वेळा कन्नडमध्ये आणि महसुली कागद मोडीत सापडतात. त्यांचे प्रमाणित लिप्यंतर किंवा भाषांतर मूळ प्रतीसोबत जोडावे लागते, आणि मोडी वाचणारा जाणकार शोधण्यात वेळ जातो. दुसरी अशी की विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून किंवा कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांनी आपले पूर्वज त्या ठरलेल्या तारखेच्या आधी महाराष्ट्रात राहात होते, हे दाखवावे लागते. नंतर आलेल्या कुटुंबाला मूळ राज्याच्या दाखल्यावर महाराष्ट्रातील राखीव जागा मिळत नाही. गिरणीतील जुने कामगार पत्र, नगरपालिकेची घरपट्टी, आजोबांच्या शाळेचा उतारा यांपैकी काही पेटीत असेल तर ते आत्ताच बाहेर काढावे.

बँकेच्या खात्याबद्दल एकच सूचना पुरे : खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे असावे आणि ते आधारशी केवळ जोडलेले नव्हे, तर सरकारी लाभ त्याच खात्यात यावा अशी नोंद बँकेत झालेली असावी. दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात.

पाचवी पायरी : अर्ज आणि पसंतीक्रम

अर्ज संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. भरलेला अर्ज जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मूळ कागदपत्रांसह दाखवून निश्चित करावा लागतो. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येत नाही. सेवा केंद्रातून अर्ज भरून घेतल्यास लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे लिहून घ्यावा आणि मोबाइल क्रमांक घरातील कायम चालू असणारा द्यावा. केंद्रचालकाचा क्रमांक दिलेल्या विद्यार्थ्याला जागा मिळाल्याचा निरोप मिळतच नाही.

यानंतर येते ती पसंती भरण्याची पायरी. संस्था आणि ट्रेड यांच्या जोड्या एकाखाली एक लावायच्या असतात. येथे नियम साधा आहे आणि तरीही तो सर्वाधिक मोडला जातो : जे मनापासून हवे आहे ते सर्वांत वर, त्याहून कमी हवे ते खाली, आणि जे नकोच आहे ते यादीत लिहूच नये. ‘तिथे नंबर लागणार नाही’ म्हणून हवा असलेला ट्रेड खाली टाकण्यात काहीच शहाणपण नाही, कारण यंत्रणा वरपासून खाली बघत जाते आणि गुणांनुसार जी पहिली जागा उपलब्ध असेल ती देते. वरची पसंती लागली नाही म्हणून खालच्या पसंतीवर काही परिणाम होत नाही. याउलट पहिल्या पसंतीची जागा मिळूनही प्रवेश घेतला नाही तर विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद होतो, म्हणून पहिली ओळ विचार करूनच लिहावी.

यादी करताना नकाशा आणि एसटीचे वेळापत्रक दोन्ही समोर ठेवावे. करमाळा किंवा माळशिरसच्या मुलाला सोलापूर शहरातील जागा मिळाली तर रोजचे जाणे-येणे जमणार नाही, खोली किंवा वसतिगृह लागेल. याउलट माढा तालुक्यातील मुलाला शेजारच्या तालुक्याची संस्था रेल्वेमुळे जवळची ठरू शकते. पहिली पाळी सकाळी लवकर भरते. गावातून निघणारी पहिली गाडी त्या वेळेत पोहोचते का, हे डेपोत विचारून मगच ती जोडी यादीत वर ठेवावी.

नियमित फेऱ्या संपल्यावर रिकाम्या जागांसाठी समुपदेशन फेरी होते. कमी गुणांच्या विद्यार्थ्यांनी आशा सोडू नये. ज्या ट्रेडकडे गर्दी नाही, त्याच्या जागा तालुक्याच्या संस्थेत या टप्प्यापर्यंत उरतात. गवंडीकाम, प्लंबर, सुतारकाम यांना नाके मुरडली जातात, पण सोलापूर शहरातच चांगल्या प्लंबरला फोन केल्यावर तो किती दिवसांनी येतो, हे प्रत्येकाला माहीत आहे.

सहावी पायरी : खर्च आणि सवलती

शासकीय संस्थेचे शुल्क खाजगीच्या तुलनेत फारच थोडे असते. अनामत रक्कम शेवटी परत मिळते, तिची पावती जपून ठेवावी. खरा खर्च प्रवास, गणवेश, सेफ्टी शूज, हत्यारांची पेटी आणि खोलीभाडे यांचा असतो. शुल्काची प्रतिपूर्ती आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी करावा लागतो. पहिल्या वर्षी केला म्हणून दुसऱ्या वर्षी तो आपोआप होत नाही, नूतनीकरण करावे लागते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. अर्ज केल्यावर तो संस्थेच्या लॉगिनमधून पुढे गेला का, हे दर आठवड्याला पाहावे. त्रुटीचा शेरा पडून अर्ज तसाच राहिला तर मुदत निघून जाते.

एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटावर ५० टक्के सवलत आहे, पण रोजच्या प्रवासाला पास त्याहून स्वस्त पडतो.

सातवी पायरी : पहिले सहा महिने

फिटरचा विद्यार्थी पहिले काही आठवडे एकच काम करतो. लोखंडाचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायचा, काटकोन तपासणारा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा, पट्टीच्या खालून उजेडाची चीर दिसली की पुन्हा घासायचे. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात, आणि इंजिन किंवा संगणकाने चालणारे सीएनसी यंत्र शिकण्याच्या अपेक्षेने आलेल्या मुलाला आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. पुष्कळ जण याच काळात संस्था सोडतात. मात्र व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप वाचणे आणि त्या मापापर्यंत हाताने पृष्ठभाग नेणे, हे एकदा जमले की पुढचे यंत्र चालवणे त्यावरच उभे राहते. पालकांनी या काळात ‘नुसते लोखंड घासायला लावतात’ अशी तक्रार ऐकून मुलाला घरी बसवू नये.

दुसरी अडचण भाषेची असते. हत्यारांची नावे, ड्रॉइंगवरील खुणा आणि यंत्रावरील सूचना इंग्रजीत असतात. त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची पुस्तके वापरावीत. काही ट्रेडची ती मराठीतही मिळतात आणि भारत स्किल्स संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. संगणकावर होणाऱ्या परीक्षेचे सराव प्रश्नही तेथेच असतात. रोजचे जर्नल त्याच दिवशी लिहावे. महिन्याच्या शेवटी मित्राच्या जर्नलमधून उतरवलेल्या आकृत्या निदेशकाच्या लगेच लक्षात येतात.

हजेरी किमान ८० टक्के लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. ऊसतोडीला किंवा डाळिंबाच्या काढणीला घरच्यांना हात हवा असतो, हे खरे आहे. पण सलग तीन-चार आठवडे गैरहजर राहिल्यास ती तूट भरून निघत नाही आणि नाव कमी होते. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे किंवा गावच्या जत्रेचे दोन दिवस हिशेबात धरावेत, त्याहून अधिक नकोत.

वेल्डिंगला नायलॉनचे कपडे आणि चप्पल चालत नाही. यंत्रावर काम करताना मुलींनी ओढणी आणि मोकळे केस, मुलांनी हातातला दोरा आणि कडे काढून ठेवावे. यात लाजण्यासारखे किंवा श्रद्धेला धक्का लागण्यासारखे काही नाही. फिरत्या लेथला एवढेसे टोकही पुरते.

आठवी पायरी : परीक्षा आणि त्यापुढची वाट

अखिल भारतीय व्यवसाय चाचणी वर्षाच्या अखेरीस होते. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यास ६० टक्के आणि लेखी विषयांत ३३ टक्के गुण लागतात. तेहतीसवर समाधान मानू नये. रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांची निवड लेखी परीक्षेविना, दहावीचे आणि आयटीआयचे गुण एकत्र धरून होते. त्यासाठी वय १५ ते २४ आणि दहावीला किमान ५० टक्के अशी अट जाहिरातीत असते. कुर्डुवाडीत जागा मिळावी असे वाटत असेल तर पहिल्या वर्षापासूनच गुण हवेत.

उत्तीर्ण झाल्यावर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, करावी असा सल्ला येथे आग्रहाने दिला आहे. १९६१ च्या कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असून त्यांचे प्रमाण एकूण कामगारांच्या अडीच ते पंधरा टक्के असावे लागते. साखर कारखाने, वीज कंपन्या, एसटीचे आगार, औद्योगिक वसाहतीतील मोठे कारखाने हे सारे यात येतात. केंद्राच्या अप्रेंटिसशिप संकेतस्थळावर नोंदणी करावी आणि आस्थापनेकडून करार नोंदवून घ्यावा. करार न करता ‘ये, कामाला लाग, नंतर बघू’ असे सांगणाऱ्याकडे केलेले काम मजुरीत गणले जाते. त्याचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही.

पुढे शिकायचे असल्यास दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. अर्थात तेथे पहिल्या वर्षाचे गणित न शिकता बसावे लागते, म्हणून सुटीत त्याची तयारी करावी. ज्यांना बारावीच्या समकक्षतेची गरज आहे, त्यांनी राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा द्यावी. तिचा अर्ज कसा करायचा, हे आपल्या आयटीआयच्या कार्यालयातून कळते. विजेच्या कामाचा स्वतंत्र धंदा करायचा असेल तर तारतंत्री, म्हणजे वायरमनचा, परवाना काढावा लागतो, त्याविना घेतलेले जोडणीचे काम कायदेशीर धरले जात नाही.

प्रमाणपत्र आता ऑनलाइन मिळते. ते हाती येताच नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, ट्रेड आणि वर्ष यांची गुणपत्रकाशी पडताळणी करावी आणि चूक दिसल्यास निदेशक बदलून जाण्यापूर्वी, संस्थेत आपल्याला ओळखणारी माणसे असतानाच, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.